मराठी दप्तर आणि मोकळीं अवजारें

१

समाजाच्या इतिहासाचें पहिलें साधन म्हणजे त्याचें दप्तर. सनदा, महजर, देवस्थानांचे हिशेब, सावकारांच्या वह्या आणि घरगुती पत्रें यांवरूनच मागच्या पिढ्यांचें जीवन पुढच्या पिढ्यांस कळतें. पेशवे दप्तरांतील रुमाल सोडून बसणाऱ्या संशोधकास मोडी लिपीचें ज्ञान आणि चिकाटी एवढ्या दोन गोष्टी पुरतात. ज्या कारकुनानें तो कागद लिहिला त्याचा बोरू कोणी घडविला होता, याची चौकशी त्याला करावी लागत नाहीं. कागद आणि डोळा यांच्यामध्यें तिसरें कोणी नसतें.

आज आपल्या घरांतील दप्तर संगणकांत आहे. मुलांचे अर्ज, जमिनीच्या कराराची प्रत, आजोबांनीं सांगितलेल्या आठवणींचें टंकलिखित, लग्नाचीं छायाचित्रें, मंडळाचा जमाखर्च, हें सारें आतां फायलींच्या रूपानें असतें. आणि फाइल व डोळा यांच्यामध्यें एक आज्ञावली, लोक जिला सॉफ्टवेअर म्हणतात ती, उभी असते. ती ज्याच्या ताब्यांत, त्याच्या ताब्यांत आपलें दप्तरही कांहीं अंशीं जातें. या साध्या गोष्टीचा इतिहास पाहावा आणि त्यांतून आपल्या घरापुरता कांहीं बोध निघतो कीं काय हें तपासावें, असा आमचा हेतु आहे.

हा विषय महानगरांतील तज्ज्ञांचाच आहे असें कोणी समजूं नये. नागपुराहून जबलपूरच्या रस्त्यानें निघून कामठी ओलांडली कीं नदीपलीकडे कन्हान लागतें. कोळशाच्या खाणी, रेल्वेचा रामटेककडे फुटणारा फांटा आणि नागपूर शहरास पाणी पुरविणारी नदी, अशी या गांवाची ओळख. येथील नोकरदार कुटुंबांत संगणक येतो तो बहुधा विंडोज घेऊनच येतो. मग पत्र लिहिण्यास, हिशेब मांडण्यास, छायाचित्र सुधारण्यास, जुना कागद स्कॅन करून ठेवण्यास वेगवेगळीं अवजारें लागूं लागतात. त्यांच्यासाठीं तीन वाटा असतात: पैसे मोजून परवाना घेणें, कोणाकडून तरी चोरटी प्रत घालून घेणें, अथवा मुक्त सॉफ्टवेअर शोधणें. पहिली वाट महाग, दुसरी बेकायदा व धोक्याची. तिसरी सरळ असूनही तिची माहिती फार थोड्यांस असते. आणि जी माहिती असते ती बहुधा एकाच वाक्यावर थांबते: "तें फुकट मिळतें." वस्तुतः या इतिहासांत फुकटपणाचें स्थान अगदीं गौण आहे.

२

किल्ली थोड्यांच्या हातीं राहिली म्हणजे ग्रंथांचें काय होतें, हें विदर्भास बाहेरच्या कोणीं सांगावयास नको. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून गुजरातेंतून निघाले, अशी महानुभाव पंथाची परंपरा आहे. त्या रामटेकची आजची वाट कन्हानवरूनच जाते. त्यांच्यामागें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपूर येथें म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आरंभींचा ठेवा. परंतु पुढील काळांत पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. अक्षरांची अदलाबदल करावयाची, कांहीं शब्दांस ठराविक चिन्हें योजावयाचीं आणि त्या संकेताची किल्ली पंथाबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं, अशी ही व्यवस्था होती.

हेतु वाईट नव्हता. पवित्र वचनें अनधिकारी माणसाच्या हातीं पडूं नयेत, त्यांत भेसळ होऊं नये, ही भावना त्यामागें होती. आणि ग्रंथ सुरक्षित राहिले हेंही खरें. पण किंमत मोठी पडली. कित्येक शतकें मराठी भाषेचें हें वैभव मराठी समाजालाच दिसेनासें झालें. पंथाविषयीं बाहेर नाना प्रवाद उठले आणि ते खोडून काढण्याचा पुरावा पंथाच्याच पोथ्यांत बंद राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ही लिपि उलगडून दाखविली. पंथांतील समंजस महंतांनींही हळूहळू ग्रंथ मोकळे केले. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालीं निघालें, आणि १९३६ पासून ह. ना. नेने यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र नागपुरास छापून प्रसिद्ध होऊं लागलें. तेव्हां कोठें सामान्य वाचकाला तें हातांत धरतां आलें.

या प्रकरणांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोष लिपीचा नव्हता, लिहिणारांचाही नव्हता. किल्ली कोणाकोणाजवळ आहे, या एका प्रश्नावर सर्व कांहीं अवलंबून होतें. संगणकाचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो.

३

आरंभीं सॉफ्टवेअर ही विकावयाची वस्तु आहे असें कोणास वाटत नव्हतें. यंत्र अवाढव्य व महाग. आज्ञावल्या त्याच्याबरोबर येत आणि यंत्र वापरणारे त्यांत भर घालून त्या एकमेकांस देत. १९५५ सालीं अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीचीं यंत्रें वापरणारांनीं 'शेअर' नांवाचा संघ याच देवघेवीसाठीं काढला. १९६९ सालीं त्या कंपनीनें सॉफ्टवेअरची किंमत यंत्राहून वेगळी आकारण्याचें जाहीर केलें आणि नव्या व्यापाराचा पाया पडला. १९७६ च्या फेब्रुवारींत तरुण बिल गेट्स यानें हौशी संगणकवाल्यांस एक उघडें पत्र लिहून, आमची आज्ञावली तुम्ही न विचारतां नकलतां, मग चांगली आज्ञावली लिहिण्याचे श्रम कोणीं कां करावे, असा रोकडा सवाल केला. सवाल खोटा नव्हता. श्रमाला मोल हवेंच. परंतु त्या मोलाच्या राखणीसाठीं जी रीत रूढ झाली ती मात्र सकळ लिपीच्या जातीची होती. आज्ञावली माणसाला वाचतां येईल अशा रूपांत प्रथम लिहिली जाते; तिला मूळ संहिता म्हणूं. यंत्रासाठीं तिचें आंकड्यांत रूपांतर करतात. ग्राहकाला हे आंकडे तेवढे द्यावयाचे आणि मूळ संहिता तिजोरींत ठेवावयाची, असा प्रघात पडला.

याविरुद्ध उठलेला पहिला मोठा आवाज रिचर्ड स्टॉलमन याचा. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. संस्थेच्या प्रयोगशाळेंत छपाईचें नवें यंत्र आलें. त्यांत कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत सुधारणा करून, कागद अडकल्याची सूचना मिळेल अशी सोय तेथील मंडळींनीं पूर्वी केली होती. नव्याची मूळ संहिता मागावयास स्टॉलमन कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकाकडे गेला असतां, गुप्ततेचें वचन दिलें असल्यानें ती देतां येत नाहीं, असें उत्तर मिळालें. गोष्ट क्षुल्लक, पण शेजाऱ्याला मदत न करण्याचें वचन सज्जन माणूसही देऊन बसतो, हें त्याला टोंचलें. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें 'ग्नू' या सर्वस्वी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापिलें आणि १९८९ सालीं 'जीपीएल' हा परवाना सिद्ध केला.

या परवान्यांतील कल्पकता कायदेपंडितांनींही वाखाणावी अशी आहे. लेखकाचा स्वामित्वहक्क सहसा इतरांस मना करण्यासाठीं वापरतात; येथें तोच हक्क मनाई होऊं न देण्यासाठीं योजला आहे. ही आज्ञावली कोणत्याही कामासाठीं चालवा, तिची संहिता वाचा व बदला, तिच्या प्रती वाटा, बदललेली आज्ञावलीही वाटा. अट एवढीच कीं, ज्याला द्याल त्याला हेच चार अधिकार द्यावे लागतील. दान घेणाऱ्यानें दानाचा ओघ अडवूं नये, असा हा करार आहे. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षीं तो या परवान्याखालीं आणला. १९९८ सालीं 'ओपन सोर्स' किंवा मुक्तस्रोत हें दुसरें नांव प्रचारांत आलें. नीतीपेक्षां व्यावहारिक गुणांवर भर देणारांना तें अधिक मानवलें.

इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दाला दोन अर्थ असल्यानें तेथील कार्यकर्त्यांस त्याचा खुलासा जन्मभर करावा लागला. मराठीचें भाग्य असें कीं, आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन शब्द निराळे आहेत. मोफत म्हणजे ज्याचे पैसे पडत नाहींत तें. मुक्त म्हणजे ज्याची किल्ली आपल्यालाही मिळते तें. विंडोजवर मोफत मिळणारीं पुष्कळ अवजारें मुक्त नाहींत. आणि मुक्त अवजार विकण्यासही परवान्याची आडकाठी नाहीं. हा भेद ज्यानें ओळखला त्याचा निम्मा शोध संपला.

४

आतां मराठीकडे वळूं. १९८५ सालीं विंडोज निघालें व १९९५ च्या आवृत्तीपासून घरोघरीं पोंचलें. पण त्या काळांत त्याला देवनागरी येत नव्हती. भारतांत याविषयींचें काम तत्पूर्वींच सुरू झालें होतें. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्यांची 'इस्की' ही संकेतपद्धति त्याच सुमारास आकारास आली व १९९१ सालीं ती भारतीय मानक झाली. त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारानेंच केली होती.

परंतु मानक असणें निराळें आणि बाजारांत तें चालणें निराळें. छापखान्यांना व टंकलेखनाच्या दुकानांना त्या वेळीं तात्काळ मराठी उमटावयास हवी होती. त्यावर तोड निघाली ती अशी: रोमन अक्षरांसाठीं ज्या जागा ठरलेल्या होत्या त्यांच जागीं देवनागरीचे तुकडे, काना, मात्रा, अर्धीं अक्षरें बसवून फॉन्ट बनवावयाचे. पडद्यावर व कागदावर मराठी सुंदर दिसे. फाइलीच्या पोटांत मात्र रोमन खुणाच असत. प्रत्येक कारखानदाराची मांडणी निराळी. म्हणजे एकाच मराठीच्या अनेक सकळ लिप्या तयार झाल्या आणि प्रत्येकीची किल्ली म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट. त्या काळीं दुसरी सोय नव्हती, आणि त्या फॉन्टांनींच मराठी वृत्तपत्रें व प्रकाशनें उभीं राहिलीं, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. पण परिणाम टळला नाहीं. आमच्या परिचयाच्या एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकेची फाइल आज उघडली असतां पानेंच्या पानें रोमन अक्षरें व विरामचिन्हें यांचा चिवडा दिसतो. छापील प्रत कपाटांत आहे म्हणून मजकूर शिल्लक आहे, इतकेंच.

पानें जुळविण्यासाठीं जें पेजमेकर नांवाचें अवजार मराठी मुद्रणांत घट्ट रुजलें होतें, त्याची मोठी नवी आवृत्ति २००१ नंतर निघाली नाहीं. मालकाला ज्या दिवशीं वस्तु नकोशी झाली त्या दिवशीं तिचा वंश खुंटला. वापरणारे कितीही असोत.

विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय झाली. त्याबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट विख्यात अक्षरकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. म्हणजे बंदिस्त विंडोजलाही मराठी अक्षर एका मराठी कलावंतानेंच दिलें. पुढें २००४ सालीं 'लोहित' हे फॉन्ट मुक्त परवान्याखालीं आले. मुंबईच्या एक टाइप या मंडळीचा 'मुक्त' हा देखणा फॉन्टही नांवाप्रमाणें मोकळा आहे. मोकळेपणाचा येथें प्रत्यक्ष उपयोग काय, असें कोणी विचारील. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत जो भेद आहे तो मराठी वाचकास सांगावयास नको. हा दुसरा र एखाद्या फॉन्टांत नीट बसला नसेल, तर बंद फॉन्टाच्या मालकास अर्ज करून वाट पाहावी लागते. मोकळ्या फॉन्टांत जाणत्या माणसास तो स्वतः दुरुस्त करतां येतो व दुरुस्त प्रत इतरांस देतांही येते. २००९ सालीं भारत सरकारनें शासकीय व्यवहारासाठीं युनिकोड हें मानक ठरविलें आणि एकाच लिपीवर सर्वांनीं येण्याचा मार्ग सरळ झाला.

५

फॉन्ट व संकेत यांचा प्रश्न याप्रमाणें सुटत आला. उरलीं तीं रोजच्या कामाचीं अवजारें. विंडोजवर आज मिळणाऱ्या मुक्त अवजारांचीं जन्मकथानकें पाहिलीं म्हणजे एक मौज दिसते. त्यांपैकीं फारच थोडीं जग सुधारण्याच्या उद्देशानें जन्मलीं. बहुतेकांचा आरंभ कोणाच्या तरी स्वतःच्या अडचणींत आहे.

पत्रें, अहवाल व हिशेब यांसाठीं लिबरऑफिस घ्या. त्याचें मूळ जर्मनींतील ल्यूनेबुर्ग गांवीं. मार्को ब्योरीस या शाळकरी मुलानें १९८५ सालीं तेथें कंपनी काढून हें अवजार विकावयास आरंभ केला. १९९९ सालीं अमेरिकेच्या सन कंपनीनें ती विकत घेतली व २००० सालीं संहिता मोकळी करून त्यास ओपनऑफिस हें रूप दिलें. २०१० च्या आरंभीं सन कंपनीच ओरॅकलच्या हातीं गेली. नवा धनी काय करील याचा भरंवसा न वाटल्यानें काम करणारांपैकीं पुष्कळांनीं त्याच वर्षीं २८ सप्टेंबरला 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापून तीच संहिता लिबरऑफिस या नांवानें पुढें चालविली. पेजमेकरची आणि याची तुलना करावी. एकाचा मालक मागें सरला आणि अवजार संपलें. दुसऱ्याचा मालक बदलला आणि अवजार मालकाला मागें ठेवून पुढें गेलें. परवान्यांतील अक्षरांचें बळ तें हेंच. या अवजाराची फाइल ज्या पद्धतीनें जतन होते ती ओडीएफ पद्धति २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झाली आहे. तिचें वर्णन कोणासही वाचतां येतें. अवजाराचा चेहराही मराठींत करून घेतां येतो.

मराठी वाचकास जिव्हाळ्याची वाटावी अशी एक गोष्ट याच मंडळींतून निघाली. २०१४ सालीं त्यांच्यापैकीं कांहींनीं जुन्या, बेवारस झालेल्या फायली वाचण्याचा एक उपक्रम हातीं घेतला व त्यास 'दस्तऐवज-मुक्ति' याच अर्थाचें नांव दिलें. या खटाटोपांतून पेजमेकरच्या कांहीं आवृत्त्यांच्या फायली लिबरऑफिसमध्यें उघडूं लागल्या. कोरलड्रॉच्या फायली वाचण्याची सोय त्याआधींच झाली होती. लग्नपत्रिका व स्मरणिका ज्यांत जुळविल्या जात तींच हीं अवजारें. पेटी उघडली तरी आंतील जुन्या फॉन्टाचा संकेत युनिकोडमध्यें उतरवावा लागतो, व त्यासाठींही निरनिराळ्या परिवर्तक आज्ञावल्या लोकांनीं लिहिल्या आहेत. सर्वच मजकूर शुद्ध निघतो असें नाहीं. तथापि हें काम राजवाड्यांच्या कामाच्या कुळांतलें आहे यांत शंका नाहीं.

शुद्धलेखन तपासणारा हन्स्पेल हा लिबरऑफिस व फायरफॉक्स या दोहोंच्या पोटांत असतो. तो लास्लो नेमेथ यानें हंगेरियन भाषेसाठीं रचला. त्या भाषेंत एका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागतात; इंग्रजीसाठीं केलेला तपासनीस तेथें निरुपयोगी ठरे. आपल्या 'घर' शब्दाचीं घरानें, घरांतला, घरांतल्यांनाही अशीं रूपें आठवलीं म्हणजे हंगेरीच्या अडचणीचा उपाय मराठीस कां लागू पडला हें कळतें. बुडापेस्टच्या माणसानें मराठीचा विचारही केला नसेल. त्यानें संहिता मोकळी ठेवली, एवढ्यानेंच आपलें काम झालें.

चित्रपट व गाणीं लावणारा व्हीएलसी हा पॅरिसच्या एकोल सेंत्राल या विद्यालयांतील मुलांचा. वसतिगृहांतील संगणकांचें जाळें खेळांसाठीं त्यांना वेगवान हवें होतें. त्याला सबब हवी म्हणून १९९६ सालीं त्या जाळ्यावरून दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग निघाला. २००१ सालीं विद्यालयानें संहिता मुक्त करण्यास संमति दिली. छायाचित्रें सुधारण्याचें गिंप हें बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं आरंभिलें. ध्वनि मुद्रित करून कापण्या-जोडण्याचें ऑडॅसिटी २००० सालीं बाहेर पडलें तें कार्नेगी मेलन विद्यापीठांतून. म्हणजे जेथें स्टॉलमनला संहिता नाकारली गेली होती तेथूनच. आजीच्या ओव्या टिपून ठेवावयाच्या असतील तर याहून अधिक कांहीं लागत नाहीं. फायली बांधून लहान करणारें सेव्हन-झिप १९९९ सालीं रशियाच्या इगोर पाव्हलोव्ह यानें केलें. ई-पुस्तकांचें कपाट नीट लावणारें कॅलिबर २००६ सालीं कोविद गोयल या भारतीयानें सुरू केलें. पानें जुळविण्याचें स्क्रायबस दीर्घकाळ देवनागरीची जोडाक्षरें नीट मांडीत नसे. २०२४ च्या आरंभीं निघालेल्या त्याच्या १.६ या स्थिर आवृत्तींत ही उणीव दूर झाली, ही मराठी छपाईच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी घटना होय.

जुन्या छापील पुस्तकाचें पान स्कॅन करून त्यांतील अक्षरें ओळखणारें टेसरॅक्ट हें ह्युलेट-पॅकार्ड कंपनींत १९८५ ते १९९५ या काळांत घडलें व नंतर कपाटांत पडून राहिलें. २००५ सालीं तें मोकळें झालें. पुढें इतरांनीं त्यास मराठीसह अनेक भाषा शिकविल्या. विंडोजवर स्कॅनिंगसाठीं नॅप्स-टू हें मुक्त अवजार घेतलें तर त्यांतूनच टेसरॅक्ट वापरतां येतें. कपाटांत असतां ज्याचा कोणासच उपयोग नव्हता, तें उघड्यावर आल्यावर आजोबांच्या वेळचें पुस्तक वाचूं लागलें.

६

या वाटेवर काटेच नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. मोकळी संहिता म्हणजे आपोआप सुरक्षित संहिता नव्हे. २०१४ सालीं उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' हा दोष मुक्त संहितेंत दोन वर्षें सर्वांच्या डोळ्यांदेखत होता; वाचण्याची मुभा होती, वाचणारे नव्हते. उलट २०२४ च्या मार्चमध्यें 'एक्स-झेड' या आज्ञावलींत कोणीं लबाडीनें घातलेलें चोरदार एका दक्ष अभियंत्याच्या ध्यानांत आलें तें, यंत्र किंचित् मंद कां चालतें याचा त्यानें छडा लावला म्हणून. आणि संहिता मोकळी असल्यानें सर्व पुरावा जगापुढें मांडतां आला. मोकळेपणा ही पहाऱ्याची हमी नव्हे, पहारा करण्याची शक्यता आहे.

दुसरा काटा विंडोजवाल्यांस अधिक बोंचतो. मुक्त वस्तूची नक्कल करण्यास मोकळीक असल्यानें तिच्याभोंवतीं तोतयेही जमतात. २०१५ सालीं सोर्सफोर्ज या एके काळच्या प्रतिष्ठित भांडारानें गिंपच्या विंडोज-प्रतीवर जाहिरातींचें वेष्टण चढवून ती वांटल्याचें उघड झालें व मोठा गहजब उडाला. गिंपकर्त्यांनीं तें भांडार त्यापूर्वींच, २०१३ सालीं, सोडलें होतें. म्हणून वस्तु घ्यावी ती कर्त्याच्याच दारांतून. शोधयंत्रानें वर दाखविलेली जाहिरात हें कर्त्याचें दार नव्हे.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे: विंडोजच बंदिस्त असतां त्यावर मोकळीं अवजारें ठेवण्यांत काय अर्थ? त्याचें उत्तर काळानेंच दिलें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबली. जीं यंत्रें पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहींत तीं चालतीं असूनही अडचणींत आलीं. ज्या घरांत लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, गिंप यांची संवय आहे त्या घरास तेंच यंत्र लिनक्सवर नेऊन तींच अवजारें जशींच्या तशीं वापरतां येतात. भाडेकरूनें घर बदललें तरी भांडीं आपलींच असावींत, तसें. मायक्रोसॉफ्टच्याही भूमिकेंत अंतर पडलें आहे. २००१ सालीं त्या कंपनीच्या प्रमुखानें लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१९ सालीं त्याच कंपनीनें विंडोजमधील गणकयंत्राची संहिता मुक्त परवान्याखालीं खुली केली.

७

तेव्हां कुटुंबानें करावें काय? तीन प्रश्न विचारावे. पहिला, परवान्याचें नांव काय? जीपीएल, एमपीएल, एमआयटी, अपाचे अशांपैकीं एखादें नांव स्पष्ट लिहिलेलें असेल तर वस्तु मुक्त. नुसतें 'फ्री' लिहिलेलें असेल तर ती बहुधा केवळ मोफत. दुसरा, हिची शेवटची आवृत्ति केव्हां निघाली? ज्या झाडाला नवी पालवी फुटत नाहीं त्याची संहिता मोकळी असली तरी सावली मिळत नाहीं. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: माझी फाइल कोणत्या रूपांत जतन होते, आणि हें अवजार उद्यां नाहींसें झालें तर दुसऱ्या कशानें ती उघडतां येईल? मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडांतच असला पाहिजे, ही अट त्यांतच आली. शिकण्याची सोयही मराठींत आहे. मुंबईच्या आयआयटीनें चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमांत लिबरऑफिस, गिंप इत्यादींचे सुमारें दहा-दहा मिनिटांचे पाठ असून त्यांपैकीं पुष्कळ मराठी निवेदनासह मिळतात. केंद्र सरकारनेंही २०१५ सालीं आपल्या कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलें आहे.

एक कर्तव्य मात्र राहतें, आणि तें आमच्यासारख्या भाषेच्या अध्यापकांवर अधिक येतें. मराठी चेहरा धारण केलेलीं हीं अवजारें उघडून पाहिलीं तर कित्येक ठिकाणीं प्रतिशब्द अवघड, कोठें चुकीचे, कोठें अजीबात नाहींत असें आढळतें. कारण हें काम थोड्या स्वयंसेवकांनीं फावल्या वेळांत केलें आहे. शुद्धलेखनाच्या शब्दसंग्रहांतही वऱ्हाडी-नागपुरी बोलींतील शब्दांना वाव नाहीं म्हटलें तरी चालेल. बंद सॉफ्टवेअरविषयीं आपण फार तर तक्रार करूं शकलों असतों. येथें दार उघडें आहे आणि आंत जागा रिकामी आहे. कन्हानच्या शाळेंतील एखाद्या शिक्षकानें वर्षाकांठीं शंभर शब्द शुद्ध करून दिले तर ते मुंबईच्या व बोस्टनच्या मराठी घरांतही पोंचतील, आणि त्यासाठीं कोणाची शिफारस लागणार नाहीं.

महानुभावांच्या पोथ्यांना त्यांची किल्ली परत मिळण्यास कित्येक शतकें लागलीं, आणि तीही कागद व शाई टिकाऊ होती म्हणून मिळाली. संगणकांतील फाइल इतकी दीर्घायुषी नाहीं. आपल्या नातवंडांस राजवाडे भेटतीलच असें नाहीं. तेव्हां दप्तर बांधतांनाच त्याच्याबरोबर किल्लीही ठेवून द्यावी, हें बरें.